जाणीव माणसाचीच का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

माणसाची जाणीव सजीवसृष्टीत एकमेव आहे का, या प्रश्नाची चर्चा हल्ली एखाद्या ताज्या प्रयोगाच्या बातमीपासून किंवा न्यायालयाच्या निकालापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्यामुळे हा प्रश्न गेल्या चार-पाच दशकांत शास्त्रज्ञांना सुचला असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात तो किमान अडीच हजार वर्षे जुना आहे, आणि एवढ्या काळात त्याची उत्तरे जितक्या वेळा बदलली, त्याहून अधिक वेळा उत्तराची कसोटी बदलली. कधी आत्मा ही कसोटी होती, कधी बुद्धी, कधी भाषा, कधी वेदना, तर कधी आरशातली ओळख. प्रत्येक पिढीने माणूस आणि जनावर यांच्यामध्ये रेघ ओढली. मात्र ती मागच्या पिढीच्या रेघेवर क्वचितच पडली. त्या बदलत्या कसोट्यांचा माग घेणे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

जाणीव म्हणजे येथे अनुभव घेणाऱ्याला आतून काहीतरी वाटणे: चटका बसणे, भय वाटणे, चव लागणे, प्रकाश दिसणे. हुशारी ही वेगळी गोष्ट आहे, आणि ‘मी असा आहे, मला हे वाटते आहे’ असा स्वतःविषयी विचार करता येणे ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे या वादातले निम्मे भांडण निर्माण झाले आहे, असे त्याचा इतिहास वाचताना वारंवार वाटते.

भारतीय परंपरेकडे पाहिले तर माणूस आणि इतर प्राणी यांच्यातील भेद जाणिवेच्या असण्या-नसण्यावर कोणी फारसा बसवलेला दिसत नाही. ‘आहारनिद्राभयमैथुनं च’ हे सुभाषित शाळेत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. खाणे, झोप, भीती आणि कामवासना माणसांत व पशूंत सारखीच, वेगळेपण काय ते धर्माचे, असे ते सांगते. भीती वाटते हे गृहीत धरले की जाणीवही गृहीत धरलीच. वाद उरतो तो कर्तव्याकर्तव्याच्या विवेकाचा. चार्वाकांनी याच्या उलट टोकाला जाऊन चैतन्य हे पृथ्वी-जलादी महाभूतांच्या संयोगातूनच उपजते, किण्व (आंबवण) मिसळल्यावर पिठात जशी मद्यशक्ती येते तसे, असे मांडले. पण तेथेही माणसाच्या देहाला वेगळा न्याय नाही. ज्या संयोगातून चैतन्य उपजते तो बैलाच्या देहातही असतोच.

सर्वांत काटेकोर मांडणी केली ती जैनांनी. बांदिवडे येथील नेमिनाथ बस्तीचे किंवा कुडण्याच्या जैन मंदिराचे अवशेष आज गोव्यात फार थोडे लोक पाहायला जातात, परंतु या भूमीत कधीकाळी नांदलेल्या त्या परंपरेने सजीवांची जी उतरंड लावली, ती आजच्या चर्चेला आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ‘उपयोग’ म्हणजे जाणण्याचा व्यापार हेच जीवाचे लक्षण सांगितले आहे. मग इंद्रियांच्या संख्येनुसार जीवांचे वर्ग पडतात: वनस्पतींना केवळ स्पर्श, कृमींना स्पर्श आणि रस, मुंगीला त्यांच्या जोडीला गंध, भुंग्याला दृष्टीही, आणि माणसासह मोठ्या प्राण्यांना श्रवणासकट पाचही. पंचेंद्रिय प्राण्यांतही पुन्हा मन असलेले आणि मन नसलेले असा भेद केला आहे, आणि मन असलेल्यांत माणूस एकटा नाही. इंद्रियांचा तपशील आजच्या प्राणिशास्त्राशी जुळणार नाही, हे उघडच आहे. मुंगीला डोळे असतात आणि पुष्कळ कृमींना गंध कळतो. पण जाणीव ‘आहे किंवा नाही’ असा दोन खणांचा प्रश्न न ठेवता तिच्या पायऱ्या लावाव्यात, ही कल्पना युरोपात रुजायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

बौद्ध विचाराने आत्माच नाकारल्यामुळे तेथे प्रश्नाचा तोंडवळा आणखी बदलतो. पशुपक्षी ही तिर्यक् योनी असली तरी त्यांच्या ठायी विज्ञान (येथे अर्थ जाणण्याची क्रिया) आहे, दुःख आहे; आणि मन ही एक अखंड वस्तू नसून क्षणोक्षणी उठणाऱ्या व विरणाऱ्या चित्तांची मालिका आहे. या विचाराचा पाली ग्रंथांतून अभ्यास करून तो मराठी वाचकापर्यंत आणण्याचे फार मोठे काम सासष्टीतल्या सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी केले. श्रीलंकेत जाऊन ते पाली शिकले आणि पुढे हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनात गुंतले. मनाचे इतके बारीक पृथक्करण ज्या परंपरेत झाले तिला माणसाच्या मनासाठी वेगळी कोठडी बांधण्याची गरज भासली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मनुष्यजन्म दुर्लभ मानला तो निर्वाणाची वाट त्या जन्मात सापडू शकते म्हणून.

लोकमानसात मात्र हा विचार शास्त्रांतून उतरला नाही. तो कीर्तनांतून आणि संतकथांतून उतरला. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या मुखी वेद वदवले, ही कथा गोमंतकातल्या देवळांतूनही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहण्यात तिचा अर्धा भाग निसटतो. रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, हा प्रसंग वेदपठणाच्या आधीचा आहे. म्हणजे एकाच कथेत दोन कसोट्या एकापाठोपाठ येतात: आधी वेदना, मग वाणी. वेदनेचा पुरावा समोर उमटूनही ब्रह्मवृंदाचे समाधान होत नाही. रेडा बोलतो तेव्हाच ते नमतात. कथाकाराला हे अभिप्रेत असो वा नसो, युरोपातल्या पुढच्या पाच शतकांच्या वादाचा सांगाडा तिच्यात सापडतो.

युरोपातली चौकट ॲरिस्टॉटलची होती. वनस्पतींमध्ये पोषण करणारा, प्राण्यांमध्ये त्याच्या जोडीला संवेदना असणारा आणि माणसामध्ये त्याहून वर विवेक करणारा, असे आत्म्याचे तीन थर त्याने मानले होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याला ख्रिस्ती धर्मशास्त्राचा सांधा दिला: विवेकी आत्मा तेवढा अमर, पशूचा आत्मा देहाबरोबर संपणारा. जुन्या गोव्यातले संत पॉल विद्यालय १५४०च्या दशकात सुरू झाले आणि सेमिनारींमधून जे तत्त्वज्ञान शिकवले गेले त्याचा पाया हाच होता. या शिकवणीत पशूंना संवेदना नाही असे मुळीच म्हटलेले नाही, हे सांगणे भाग आहे, कारण ‘ख्रिस्ती परंपरेने प्राण्यांना यंत्र ठरवले’ असे सरधोपट विधान आपल्याकडे वरचेवर ऐकू येते. ते विधान चुकीचे आहे.

प्राणी म्हणजे यंत्र, ही कल्पना आली वैद्यकाकडून. स्पेनमधला वैद्य गोमेझ परेरा याने १५५४ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात पशूंना संवेदनाच नसते, लोहचुंबकाने लोखंड ओढावे तशा त्यांच्या हालचाली बाह्य कारणांनी घडतात, असे प्रतिपादन केले. त्याच्या युक्तिवादातला एक भाग विलक्षण आहे. जनावरांना खरोखरच संवेदना असेल, तर ओझ्याखाली पिचणाऱ्या पशूंशी आणि झुंजीत भोसकल्या जाणाऱ्या बैलांशी माणूस जे वागतो ते घोर क्रौर्य ठरेल, असे तो म्हणतो. त्यातून वागणूक बदलावी असा निष्कर्ष न काढता त्याने संवेदनाच नाकारली.

परेरा सालामांका विद्यापीठात शिकला होता. त्याच सालामांकात शिकलेला दुसरा एक वैद्य, गार्सिया द ओर्ता, १५३४ साली गोव्यात आला आणि येथेच राहिला. १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात औषधी वनस्पती हा मुख्य विषय असला तरी हस्तिदंत व हत्ती यांवरही एक संवाद आहे, आणि त्यात हत्तीच्या कामांची आणि समजुतीची चर्चा येते. परेरासारखे सूत्र ओर्ताने मांडले नाही. तो जे पाहिले आणि विश्वासू माणसांकडून ऐकले ते नोंदवत गेला. एकाच विद्यापीठातून निघालेल्या या दोघांतला फरक मला नेमका वाटतो: एकाने पुस्तकांच्या गराड्यात बसून प्राण्याविषयी सिद्धान्त रचला, दुसरा जेथे राहिला तेथे हत्ती हा कामाचा सोबती होता. ओर्ताच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. तो नवख्रिस्ती ज्यू कुळातला होता, हा त्याचा गुन्हा. माणसामाणसांतही रेघ कशी ओढली जाते, याची ही आठवण विषयाला फार सोडून नाही.

परेराच्या कल्पनेला जगभर पोहोचवले ते फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने, जरी परेराचा ग्रंथ आपण पाहिलेला नाही असे तो सांगत असे. १६३७च्या ग्रंथात त्याने दोन कसोट्या दिल्या: प्रसंगानुरूप नवी वाक्ये बोलता येणे, आणि कोणत्याही अनपेक्षित परिस्थितीत विचाराने वागता येणे. पोपट शब्द उच्चारतो, पण त्याला काही सांगायचे नसते. उलट, जन्मतः मुका-बहिरा माणूसही खुणांची भाषा शोधून काढतो. १६४९च्या एका पत्रात त्याने हेही कबूल केले की पशूच्या हृदयात डोकावता येत नसल्यामुळे त्यांना विचार नसतो हे सिद्ध करता येत नाही. त्यांचे जीवन आणि शरीराच्या अवयवांवर अवलंबून असणारी संवेदनाही आपण नाकारत नाही. मात्र आपले मत माणसांवर कृपा करणारे आहे, कारण ते प्राणी मारून खाण्याच्या दोषापासून त्यांना मुक्त करते, असेही त्याच पत्रात आहे. परेराचाच हा सूर झाला. या वादात तत्त्वज्ञान आणि ताट ही कधीच फार दूर नव्हती.

अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने प्राण्यांनाही माणसासारखीच, सवयीतून येणारी विचारशक्ती असते असे म्हटले, आणि १७८९ साली इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने बोलता येते का, विचार करता येतो का, हे दोन्ही प्रश्न बाजूला सारून प्राण्याला यातना होतात का, एवढाच प्रश्न कायद्यापुढे ठेवला. युरोपात वाणीकडून वेदनेकडे कसोटी सरकली ती येथे.

या टप्प्यावर एका गोमंतकीयाचा उल्लेख येतो, आणि तो केवळ अभिमानापोटी करावा असा नाही. कांदोळी गावी १७५६ मध्ये जन्मलेला जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच आबे फारिया, याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला उभा आहे. १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेल्या त्या शिल्पात तो एका स्त्रीवर हात पसरून उभा दिसतो. पर्यटक त्याला जादूगार समजतात. फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. तोवर प्रचलित असलेले वैद्य मेस्मरचे मत असे, की संमोहन करणाऱ्याच्या शरीरातून एक चुंबकी प्रवाह रुग्णात शिरतो. फारियाने हे साफ नाकारले. कोणतीही शक्ती बाहेरून येत नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून आणि विश्वासातून घडते, हे त्याचे म्हणणे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १८१९ मध्ये, ग्रंथरूपाने आले. रक्ताच्या पातळपणाविषयीच्या त्याच्या काही कल्पना आज टिकणाऱ्या नाहीत, परंतु मुख्य मुद्दा टिकला आणि पुढे फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या वैद्यांनी तो उचलला.

प्राण्यांच्या जाणिवेशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. देकार्तच्या मांडणीचा कणा असा होता की माणसाचे मन म्हणजे विचार, आणि विचार म्हणजे जे आपल्याला कळते ते. फारियाच्या प्रयोगांतली माणसे प्रश्नांना उत्तरे देत, हालचाली करीत, वेदना न जाणवता बसून राहत, आणि जागी झाल्यावर यातले त्यांना काही आठवत नसे. म्हणजे भाषा होती, हेतूपूर्ण वागणे होते, आणि तरी नेहमीची जाणीव त्यांच्या सोबत होती असे म्हणता येत नव्हते. भाषा आणि जाणीव यांची जोडी माणसातच सुटू शकते, तर ज्याला भाषा नाही त्याला जाणीवही नाही, हे अनुमान लंगडे पडते. फारियाने स्वतः हा निष्कर्ष काढलेला नाही, त्याचे लक्ष माणसावरच होते. पण माणसाचे मन एकसंध आणि स्वतःला पूर्ण पारदर्शक आहे, या समजुतीला जे सुरुवातीचे तडे गेले त्यांतला एक कांदोळीच्या या पाद्र्याने पाडला.

१८७१ साली डार्विनने माणूस आणि उच्च प्राणी यांच्या मनांतला भेद कितीही मोठा असला तरी तो प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नव्हे, असे लिहिले आणि पुढच्याच वर्षी भावनांच्या आविष्कारांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. गंमत अशी की नैसर्गिक निवडीचा शोध त्याच्या बरोबरीने लावणारा वॉलेस याला हे मान्य नव्हते. आदिम माणसाच्या गरजेपेक्षा त्याचा मेंदू फार मोठा आहे, आणि गणित, संगीत, नीतिविचार यांचा उगम केवळ निवडीतून लागत नाही, असे त्याने १८६९ च्या सुमारास मांडले. डार्विनला त्याचा फार खेद झाला. जीवशास्त्रज्ञ हक्सलेने १८७४ साली तिसरीच वाट काढली: प्राण्यांना जाणीव असते, पण ती शरीरयंत्राच्या कामात काही ढवळाढवळ करीत नाही, आणि माणसाचीही स्थिती तीच आहे. देकार्तने प्राण्याला यंत्र म्हटले होते. हक्सलेने माणसालाही त्याच रांगेत बसवले.

यानंतर अतिउत्साहाचे आणि मग अतिसंशयाचे पर्व आले. डार्विनचा तरुण सहकारी रोमेन्स याने १८८२ साली प्राण्यांच्या शहाणपणाच्या असंख्य गोष्टी गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ ऐकीव होत्या. लॉइड मॉर्गनने १८९४ मध्ये यावर लगाम घातला, की साध्या मानसिक क्रियेने जे समजावता येते त्यासाठी उच्च क्रियेचा आधार घेऊ नये. या लगामाची गरज बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याने दाखवून दिली. हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने सिद्ध केले की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यामोहऱ्यातले, त्याचे त्यालाही न कळणारे सूक्ष्म बदल पाहून घोडा थांबत असे. आपल्याकडचा नंदीबैल ‘पाऊस पडेल का’ म्हटल्यावर मान डोलावतो त्यातलाच हा प्रकार, फक्त येथे मालकाची लबाडी नव्हती. १९१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉटसनने वर्तनवादाची, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या वागण्याचाच अभ्यास करावा या मताची, घोषणा केली, आणि पुढची पन्नासेक वर्षे मानसशास्त्राच्या बऱ्याच मोठ्या भागात माणसाच्याही जाणिवेबद्दल बोलणे अशास्त्रीय ठरले. याच काळाच्या आरंभी जगदीशचंद्र बोस वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादांचे आलेख काढीत होते. वनस्पती उद्दीपनाला प्रतिसाद देतात हे त्यांचे निरीक्षण भक्कम आहे. वनस्पतींना ‘वाटते’ हा त्यावरून काढला जाणारा लोकप्रिय निष्कर्ष त्यावर उभा राहत नाही.

जाणिवेचा विषय पुन्हा प्रतिष्ठित झाला तो १९७० नंतर. त्या वर्षी मानसशास्त्रज्ञ गॅलपने चिंपांझींच्या भुवईवर आणि कानावर, त्यांना भूल दिलेली असताना, रंगाचे ठिपके लावले. जागे झाल्यावर आरशात पाहून ते स्वतःवरच्या त्या ठिपक्यांना हात लावू लागले. १९७४ मध्ये तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने वटवाघूळ असणे म्हणजे काय हे बाहेरून कितीही मोजले तरी कळणार नाही, असा निबंध लिहिला, आणि वटवाघळे ध्वनीच्या आधारे वाट काढतात हे ज्याने तरुणपणी दाखवून दिले होते त्या डोनाल्ड ग्रिफिननेच १९७६ मध्ये प्राण्यांच्या जाणिवेचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून पुस्तक लिहिले. आरशाची परीक्षा पुढे डॉल्फिन (२००१), आशियाई हत्ती (२००६) आणि मॅगपाय पक्षी (२००८) उत्तीर्ण झाले. हत्तींच्या प्रयोगात तीन हत्तिणी होत्या आणि ठिपक्याची कसोटी त्यांतली एकच, हॅपी नावाची, पार करू शकली. २०१९ मध्ये बोटाएवढा एक मासा, क्लीनर रास, हीच कसोटी पार करतो असा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा परीक्षेवरच प्रश्नचिन्ह लागले. माशाला स्वत्वाची जाण आहे असे मानायचे, की ही कसोटी स्वत्व मोजतच नाही असे? कुत्रा या परीक्षेत नापास होतो, पण कुत्र्याचे जग नाकाचे आहे, डोळ्यांचे नव्हे.

माझ्या मते या काळातला सर्वांत बोलका पुरावा आरशातून आलेला नाही. १९७४ मध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झने एका रुग्णाचे वर्णन केले. मेंदूतल्या दृष्टिकेंद्राचा भाग काढून टाकल्यामुळे त्याला दृष्टिक्षेत्राच्या एका बाजूला काहीच दिसत नसे, आणि तरी ‘अंदाजाने सांग’ म्हटल्यावर तो तेथल्या वस्तूची जागा अचूक दाखवी. डोळ्यांचे काम चालू होते. दिसणे बंद होते. १९९५ साली काउवी आणि श्टोरिग यांनी तशीच इजा असलेल्या माकडांवर प्रयोग केला. आंधळ्या बाजूला लागलेल्या दिव्याला ती माकडे बरोबर हात लावीत, परंतु ‘दिवा लागला नाही’ हे सांगण्यासाठी वेगळा पर्याय दिला की त्याच दिव्यासाठी तो पर्याय निवडीत. म्हणजे दिव्याला प्रतिसाद देणे आणि दिवा दिसणे यांतला जो फरक माणसात आढळतो, तोच माकडातही आढळला. नुसत्या यंत्रात हे दोन वेगळे पडण्याचे कारण नाही. २०२० मध्ये अशाच धर्तीचा प्रयोग कावळ्यावर झाला: जेमतेम दिसेल न दिसेल अशा खुणेबाबत कावळा ‘दिसली’ किंवा ‘नाही’ असे जे सांगे, त्याच्याशी त्याच्या मेंदूतल्या काही पेशींची हालचाल जुळत होती. पक्ष्याच्या मेंदूत आपल्यासारखे सहा थरांचे बाह्यक (मेंदूचे बाहेरचे आवरण) त्या रूपात नसते, म्हणून हा निष्कर्ष अधिकच महत्त्वाचा आहे. पिंडाला कावळा कधी शिवेल याची वाट पाहणाऱ्या समाजाला कावळ्याच्या मनाचे नवल वाटू नये. पण श्रद्धेने मन मानणे वेगळे आणि पेशींच्या नोंदींतून त्याचा ठाव घेणे वेगळे.

मग माणसाचे असे काय उरते? भाषेच्या बाबतीत देकार्त अजून बराचसा उभा आहे. वॉशू या चिंपांझीला १९६० च्या दशकात खुणांची भाषा शिकवण्याचा मोठा गाजावाजा झाला, परंतु १९७९ मध्ये हर्बर्ट टेरेसने निम नावाच्या चिंपांझीच्या चित्रफितींचा अभ्यास करून त्या खुणा बहुतांशी शिक्षकाच्या खुणांची पुनरावृत्ती असल्याचे दाखवले. मर्यादित खुणांतून अमर्याद नवी वाक्ये रचणे, दूरच्या भूतभविष्याविषयी एकमेकांशी बोलणे आणि मिळवलेले ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साचवत नेणे, या बाबतींत माणसाच्या जवळपास कोणी पोहोचल्याचे दिसत नाही. ‘स्क्रब जे’ या पक्ष्याला आपण कोणते अन्न कोठे आणि किती आधी लपवले हे आठवते, असे १९९८ साली दिसून आले. ते मोठेच आहे, पण त्यावर कोणी बखर लिहिलेली नाही. माणसाचे वेगळेपण जाणीव असण्यात शोधण्यापेक्षा ती शब्दांत धरून दुसऱ्याच्या हवाली करता येण्यात शोधावे, असे या सगळ्या पुराव्यावरून वाटते.

७ जुलै २०१२ रोजी केंब्रिजमध्ये मेंदुशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीरनामा काढला: जाणीव निर्माण करणारी मज्जारचना एकट्या माणसाकडे नाही, सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे इतर काही जीव यांच्याकडेही ती आहे. भारतात याचे पडसाद, थेट त्यामुळे नसले तरी, लवकरच दिसले. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनच्या खेळांसाठी तलाव उभारण्यास मनाई करणारे परिपत्रक काढले आणि त्यात डॉल्फिनना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे, असे शास्त्रज्ञांनी सुचवल्याचा उल्लेख केला. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांवर ज्यांचा संसार चालतो त्या गोव्यातल्या कुटुंबांना हे परिपत्रक लागू होत नाही, कारण त्यांचे डॉल्फिन मोकळ्या समुद्रातले आहेत. मात्र होडी किती जवळ न्यावी आणि पाठलाग करावा का, हा प्रश्न त्याच विचारातून निघतो.

न्यायालयांची वाट अधिक नागमोडी आहे. गोव्यात धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, एका माणसाचा बळी गेल्यानंतर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बंद करवल्या. त्या परंपरा म्हणून कायदेशीर कराव्यात, ही मागणी सासष्टीत आणि विधानसभेतही अधूनमधून उठते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या निकालात प्राण्यांच्या प्रतिष्ठेची आणि वेदनामुक्त जगण्याची भाषा वापरली आणि जगण्याच्या हक्काचा अर्थ त्यांच्यापर्यंत ताणला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने अशा खेळांना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवताना आपल्या संविधानात प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. मधल्या काळात, जून २०२२ मध्ये, आरशात स्वतःला ओळखणाऱ्या हॅपी हत्तिणीला प्राणिसंग्रहालयातून सोडवण्याची याचिका न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. जाणीव सिद्ध झाली की हक्क आपोआप मिळतो, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल वाचायला हवेत.

सध्या वादाची सीमा कण्याच्या प्राण्यांपलीकडे सरकली आहे. २००९ साली रॉबर्ट एलवूड आणि मिर्जाम ॲपल यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे आवडत्या शंखातल्यांपेक्षा अधिक संख्येने घर सोडून निघाले. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर घराच्या पसंतीने फरक पडायला नको होता. येथे वेदना आणि सोय यांचा काहीतरी हिशेब होत असल्यासारखा दिसतो. २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून अधिक अभ्यास तपासून, दशपाद कवचधारी (खेकडे, कोळंबी, लॉब्स्टर इत्यादी) आणि ऑक्टोपस-माणकींचा गट यांना संवेदनशील मानावे अशी शिफारस केली, आणि २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात ते दोन्ही गट आले. ऑक्टोपसच्या बाबतीत पुरावा फारच भक्कम, खेकड्यांच्या बाबतीत भक्कम, आणि सुंगटांच्या (कोळंबीच्या) ज्या कुळातली जात आपल्या बाजारात सर्वाधिक दिसते त्या कुळाच्या बाबतीत तोकडा, कारण त्यांचा अभ्यासच थोडा झालेला आहे. १९ एप्रिल २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याने कीटकांनाही ‘वास्तव शक्यते’च्या कक्षेत घेतले. याला विरोध करणारे शास्त्रज्ञही कमी नाहीत. जाणीव कशातून निर्माण होते यावर प्रमुख सिद्धान्तांचेच एकमत नसताना तिच्या अस्तित्वाची यादी लांबवणे घाईचे आहे, हा त्यांचा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही.

स्वित्झर्लंडने २०१८ पासून जिवंत लॉब्स्टर उकळत्या पाण्यात टाकण्यास बंदी घातली. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या संज्ञेत माणसाखेरीज कोणताही सजीव येतो, म्हणजे कुर्लीही (खेकडाही) येते. अन्नासाठी मारताना केलेल्या कृतीला हा कायदा सूट देतो, मात्र त्या मारण्यात अनावश्यक वेदना वा यातना दिलेल्या नसाव्यात ही अट त्याने घातली आहे. सहा दशकांपूर्वी हे कलम लिहिले गेले तेव्हा कुर्लीच्या वेदनेचा विचार कोणाच्या मनात असण्याची शक्यता कमी. एलवूड यांच्यासारख्यांच्या प्रयोगांनंतर त्या अटीचा अर्थ कुर्लीपर्यंत पोहोचतो की नाही, हे आता तिच्या मज्जासंस्थेविषयीच्या पुराव्यावर अवलंबून आहे.